निळा थेंब

गराजचं शटर अर्ध्यावर अडकतं, तसंच ठेवलं.
खालून रेड लॉजचा रस्ता दिसतो, चाकांपुरता.
रंगाच्या उपड्या डब्यावर लायल बसलाय
आणि मला सांगतोय कुठला पाना घे.
तो मी आधीच घेतलेला असतो.
धाकट्या बहिणीला हे चालतं, मेकॅनिकला चालत नाही.
मी दोन्ही आहे.

जुन्या एअर क्लीनरचं झाकण निघालं.
आत फिल्टर, घड्याघड्यांचा,
आणि घडीघडीत मोंटाना:
नाकतोड्याचा एक पाय,
कॉटनवुडची म्हातारी, तेलाने जडावलेली,
पाय पोटाशी घेऊन निजलेली मधमाशी,
आणि या सगळ्यावर, या सगळ्याखाली,
काळपट, मऊ, पिठासारखं काहीतरी.

लायलने तो मांडीवर घेतला.
बोट फिरवलं. हुंगलं.
"ही बिटररूटची," म्हणाला. "त्या ऑगस्टची."
तेव्हा तो वणव्यांवर जायचा, याच गाडीने.
तळावर एखाद्या पाइनखाली ती लावायची,
पुढे फावडं घेऊन चढ.
गाडीच्या नाकाशी निदान हे होतं.
याच्या नाकाशी एक रुमाल,
तोही घामाने चिंब.
हे तो म्हणाला नाही. मी म्हणते.

नव्या खोक्यात: पाठीची प्लेट, गॅस्केट, दोन पोकळ बोल्ट,
तीन स्क्रू, लालसर तेलाचा वास,
चार भाषांतला एक कागद.
चारांपैकी एकीतही लिहिलेलं नाही की
तिसरा स्क्रू बोटांतून निसटून
थेट थ्रॉटलच्या घशात गेला
तर काय करायचं.

टिक्.
एवढाच आवाज.

"किल्लीला हात लावू नकोस."
"लावतंय कोण?"
"मेर, मी सांगतोय."
"ऐकतेय रे."

तो उठला. गराज बारा पावलांचं.
सहाव्या पावलावर थांबला, कॅलेंडर बघतोय असं दाखवत.
कॅलेंडर मार्चचं आहे, तेही तीन वर्षांपूर्वीच्या.
मी टॉर्चचा सेल तपासत राहिले.
सेल चांगला होता.

लांब होणाऱ्या दांडीचं लोहचुंबक घेऊन आला,
म्हणाला, "सरक."
कॉफीचा मग याच्या हातात वाजतो,
पण दांडी आत जाताना हात असा
की वर पाणी ठेवलं असतं तरी हललं नसतं.
आणि त्याने श्वास रोखला.
ज्याच्याकडे तो मोजका, त्याने
माझ्या वेंधळेपणावर खर्च केला.
मी तेवढ्यात छताकडे बघितलं.
छताला एक सायकल टांगलेली आहे, कुणाची ते आठवेना.

जीव भांड्यात पडतो म्हणतात.
आधी स्क्रू पडला, पत्र्याच्या वाटीत, टण्ण,
मग जीव, दोघांचेही.

"आता आट्यांवर निळा थेंब," लायल खोकत खोकत म्हणाला.
"एकच. लालला हात लावू नकोस,
लाल एकदा बसला की आच दिल्याशिवाय सोडत नाही.
निळा थरथरीत धरून ठेवतो
आणि पाना लावलास की ऐकतो."
मी थेंब लावला. पान्याने मोजून आवळलं.
"अजून घट्ट?"
"नको. तुझ्या घट्टचे आटे मी पाहिलेत."
यात माझं लग्नही आलं. मी हसले.

गाडी सुरू केली.
आवाज बदललेला: उजव्या गुडघ्याशी
कुणीतरी मोठा घोट घेतल्यासारखा,
मग पुन्हा, मग पुन्हा.
लायल डोळे मिटून ऐकत होता.
"नुसती हवा देऊन भागत नाही," म्हणाला,
"पेट्रोलही त्या मापाने वाढवावं लागतं.
बिलिंग्जला नेऊन मॅपिंग करून घे.
मग बेअरटूथच्या खिंडीतही धापणार नाही."
"तू येशील मागे बसून?"
"वर हवा पातळ असते," तो म्हणाला,
हवामान सांगावं तसं.

जुना फिल्टर मी कचऱ्यात टाकला.
सकाळी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत होता,
उन्हात, जसाच्या तसा.
मधमाशी तेवढी कुणीतरी काढून घेतली होती.