साठ टायर

रावपुऱ्यातून दांडिया बाजारात वळताना
जिथे स्कूटरवालासुद्धा पाय टेकतो,
तिथे उद्या सकाळी साडेनवाला
गाड्या येणार आहेत, सुसाट.

पालिकेने माझ्याकडून साठ टायर नेले.
गुळगुळीत झालेले:
दुधाच्या टेम्पोचे, आजव्याच्या सहलींचे,
कापडिया डॉक्टरांच्या फियाटचा एक,
त्याची मीच अकरा पंक्चरं काढली होती.
पांढरा रंग फासून
शेव-उसळवाल्याच्या ओट्यासमोर उभे केलेत,
लग्नात बळेच फेटा बांधलेल्या म्हाताऱ्यांसारखे.

रात्रीचे साडेअकरा. रस्ता मोकळा.
एवढा रुंद आहे हा?
चाळीस वर्षांत कळलं नव्हतं.
मधोमध एक कुत्रं झोपलंय, हक्काने.

फणश्यांची उर्वी आली, चालत,
पायात स्लिपर. तिची गाडी एकवीस नंबर.
वळणावर वाकून
गटाराचं झाकण किती वर आलंय
ते बोटांनी मोजलं,
मग पावलं टाकली, ओठांत आकडे.
म्हणाली, "काका, इथे ब्रेक उशिरा मारणार."
मी म्हटलं, "मार."

आणि ती गेल्यावर
एकेक टायर अंगठ्याने दाबून पाहिला,
त्यांत हवा नसते, हे माहीत असून.