मखमलाबादचा ढीग

निफाडला पारा चारवर उतरल्याची बातमी
ज्या पानावर होती, त्याच पानात गुंडाळून
हेमांगीनं श्रीखंडाचा रिकामा डबा आणला.
स्टीलचा नको, म्हणाली, हाक अडते.
डब्यात माझा बीकन, चालू केलेला,
सेकंदाला एकदा हाक मारणारा,
जी कुणाच्याच कानाला ऐकू येत नाही.

आमच्याकडे बर्फ उसाच्या रसात पडतो.
म्हणून वाळू.
अर्धवट इमारतीमागे तीन ढीग, रविवार, सकाळचे सात.
तोंडातून वाफ निघत होती, तेवढाच हिमालय.

नियम असा, की ज्याचा बीकन पुरला
त्यानं बोलायचं नाही.
मेलो म्हणून नाही ना, मी विचारलं.
नाही. जिवंत आहेस म्हणून.
गाडलेला माणूस ओरडतो. बर्फ ते वर येऊ देत नाही.

मी सिमेंटच्या गोणीवर बसलो
आणि माझे मित्र मला शोधायला लागले.

चुकीच्या ढिगावर.
ऋत्विज पडद्यावरच्या बाणाकडे बघत धावत होता,
बाण वळला तरी हा वळत नव्हता.
सलील फावडं मारत सुटला होता,
जिथं जमीन मऊ लागली तिथं.
घड्याळ माझ्या हातात. सहा मिनिटं. नऊ.
घमेल्यामागं, अरे, डावीकडं, घमेल्यामागं,
हे माझ्या दाताआड इतकं स्पष्ट होतं
की जबडा दुखला.

पंधराला हेमांगीनं फक्त बोट वर केलं.
तोवर बरेचसे जिवंत निघतात.
पुढचा आकडा जिन्यानं उतरत नाही,
कड्यावरून उतरतो.

शेकोटीवरून वॉचमन उठून आला.
भोये, पेठकडचा, कानटोपी भुवयांपर्यंत.
काय हरवलं?
माणूस, सलील म्हणाला. हसला नाही.
भोयेनं ढिगाकडं बघितलं, मग माझ्याकडं.
तो काय, बसलाय की तिथं.

एकविसाव्या मिनिटाला सळई लागली. टक्.
बर्फात टक् होत नाही, हेमांगी म्हणाली,
भरल्या गादीत रुतावी तशी रुतते. हात लक्षात ठेवा, कान नको.
झाकण उघडलं. बीकन अजून हाका मारत होता.
त्यानंतर थोडा वेळ
माझ्याकडं कुणी बघेना.

ढीग होता तसा लावा, भोये म्हणाला,
साहेब उद्या ब्रास मोजणार.
लावला. एका उंचीपर्यंत चढला,
मग वर टाकलेलं प्रत्येक घमेलं
सळसळत पायाशी यायला लागलं.
आता नाही ऐकायची ती, भोये म्हणाला, आणि चहाला गेला.

हेमांगीनं फोन उतारावर आडवा ठेवला. चौतीस अंश.
आपल्या खिंडीखालचा?
अडतीस.
मग तिथं बर्फ थांबतो कसा, ऋत्विजनं विचारलं.
थांबत नाही रे, टेकतो.
तळाला जुना बर्फ, साखरेसारखा सुटा झालेला,
एक कण दुसऱ्याला धरत नाही असा.
त्यावर वाऱ्यानं आणून थापलेली लादी.
वरून चालताना पक्की वाटते. छान वाटते.
कधी पायाखाली एक धप्प ऐकू येतं,
खोलातून, घर बसल्यासारखं.
ते ऐकायला मिळालं तर नशीब.

तेवढ्यात वाटाड्याचा निरोप आला, सगळ्यांच्या फोनवर:
चार दिवस खूप पडला. दोन दिवस वारा होता.
आज मस्त ऊन आहे. या.

सलील ओरडला, ऊन!
हेमांगीनं निरोप पुन्हा एकदा वाचला,
मधल्या वाक्यावर अंगठा ठेवून.
मग स्वतःच्या छातीवरचा बीकन सोडवला,
डब्यात ठेवला, झाकण दाबलं,
आम्हाला पाठ करायला लावून कुठंतरी पुरून आली.

जायचं की नाही, ऋत्विजनं विचारलं.
तिकिटं मंगळवारची होती.

ती माझ्याशेजारी गोणीवर येऊन बसली
आणि नियमाप्रमाणे
गप्प राहिली.