छाट

पूनम गेटसमोर माईक हातात दिला तेव्हा
भूदेवक्का गाजुलनं तो आधी उलटा करून पाहिला,
सुपातलं पान पाहावं तसा,
शीर कुठली, डाग कुठं.
मग मला परत दिला.
"तू बोल. तुझं मराठी सरळ आहे."

सरळ म्हणजे महापालिकेच्या शाळेतलं.
आई विड्या वळत बसायची
आणि तिच्या गुडघ्याशी बसून मी पाढ्यांसारखं पाठ केलेलं,
मधे मधे तंबाखूचा ठसका.

एप्रिल. डांबर चपलेला धरत होतं.
विडी घरकुलातून चालत आलेल्या बाया
झेडपीच्या भिंतीच्या सावलीला टेकल्या
आणि पिशवीतून पानं निघाली, तंबाखू निघाला,
कारण मोर्चा झाला म्हणून
संध्याकाळच्या हजार विड्या कुणी माफ करणार नव्हतं.
घोषणा देता देता बोटं चालली.
एकीचीही चूक झाली नाही,
ना घोषणेत, ना विडीत.

मी पुठ्ठ्यावर 'विषमता हटवा' रंगवत होतो.
"काय लिवलालास?"
वाचून दाखवलं.
"हे छाट," ती म्हणाली.
"एवढ्यानं कुणाला काय कळतंय?
लिही, हजारातल्या पन्नास विड्या
चेकर रोज बाजूला काढतो, छाट म्हणतो.
त्याचे पैसे आम्हाला नाहीत.
आणि त्याच विड्या
माझ्या नवऱ्याच्या खिशात मी बघितल्यात,
विकत घेतलेल्या."

पुठ्ठा पुरला नाही.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. पाच जणी आणि मी.
आत इतका गारवा की आईनं पदर अंगाभोवती ओढून घेतला.
भिंतीवर होटगी रोडच्या नव्या बंगल्याचं चित्र, काचेत,
चित्रात झाडंसुद्धा होती, अजून न लावलेली.
एकच खुर्ची पुढं सरकली, भूदेवक्कासाठी.
तिनं खुर्चीवर रीळ ठेवलं
आणि स्वतः उभी राहिली.

विडी बांधायचा गुलाबी दोरा,
पण विडी बांधता येणार नाही असा. गाठीच गाठी.
पंचवीस छाटींना एक गाठ, दिवसाला दोन,
अकरा वर्षं.

मालकाकडे न बघता, रिळाकडे बघत
ती तेलुगूत म्हणाली,
"मा लेक्क माकु इय्यंडि."
आमचा हिशेब आम्हाला द्या.
एवढंच.

आणि मी, सरळ मराठीवाला, म्हणालो,
"साहेब, बायकांची नम्र विनंती आहे."

हे नम्र कुठून आलं?
दहावीच्या अर्जात होतं बहुतेक, पाच मार्कांना.
मालक हसले. चहा आला.
हजारामागं नऊ रुपये वाढले.
छाटीचं पुढं बघू, म्हणाले.
निघताना रीळ तिनंच उचललं,
खुर्ची हातानं पुसली.

बाहेर हलगी. गुलाल. मला दोघांनी खांद्यावर घेतलं.
नऊ रुपये थोडे नव्हते, खोटं का बोलू,
आई त्या रात्री दोनदा हसली.
पण वरून मला फक्त डोकी दिसत होती
आणि त्यांत तिचं कुठलं ते ओळखू येईना.

परतीच्या रिक्षात, अशोक चौक गेल्यावर,
ती मराठीत म्हणाली,
"इनंती मला कळतं की रे."
रागानं नाही.
छाट काढताना चेकर कुठं रागावतो?
उचलतो, बाजूला ठेवतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल दिला. पन्नास निघाल्या.
संध्याकाळी उंबऱ्यावर बसून तिनं रिळाला गाठ मारली.
दुसरी मारली.
मी निघायला उठलो.
तिनं तिसरी मारली, दातानं घट्ट ओढून.

ती कशाची, मी विचारलं नाही.

"पुढच्या वेळी," मान वर न करता ती म्हणाली,
"पुठ्ठा मोठा आण."