पुन्हा फर्म्यावर

फेर्मोच्या खालच्या आळीत सेत्तिमिओचं दुकान:
एक खिडकी, दोन स्टुलं,
आणि भिंतभर टांगलेले लाकडी पाय.
प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव.
त्यातली निम्मी माणसं केव्हाच
टेकडीवरच्या सायप्रसखाली जाऊन निजलेली.
"यांना आम्ही फोर्मा म्हणतो," तो म्हणाला.
मी म्हटलं, आमच्याकडचे जोडे शिवणारेही फर्माच म्हणतात.
त्यानं मान वर केली नाही.
"मग झालं. शब्दही चालत जातात.
तळवा तेवढा मजबूत हवा."

रेडिओवर बातम्या. पेन्शनची रिफोर्मा,
शाळांची रिफोर्मा, कोर्टांची;
सरकार बदललं की एक.
तो तोंडातला खिळा काढतो, बोलण्यापुरता:
"रि म्हणजे पुन्हा. पुन्हा फर्म्यावर चढवणं.
काम माझ्या धंद्याचं, आणि फोटो मंत्र्यांचे."
मी वहीत 'सुधारणा' असं लिहिलं
आणि पुढे थोडी जागा सोडली.

बराच वेळ नुसती हातोडी.
मग: "मलाही केलं होतं. बेचाळीस साली.
पलटणीच्या डॉक्टरनं हा डावा पाय पाहिला
आणि कागदावर शिक्का मारला, रिफोर्मातो.
म्हणजे निकामी. घरी जा.
याच आळीतले तिघे धडधाकट होते, रशियाला गेले.
त्यांचे फर्मे ते बघ, दाराच्या वर."
मी वर पाहिलं. सहा पाय,
धूळ पुसलेले.

तेवढ्यात आर्जा आली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले नवऱ्याचे जोडे घेऊन.
मुलाला होतील असे करून दे, ईस्टरच्या आत.
"नवऱ्याच्या फर्म्यावर चढवले
तर पुन्हा नवराच निघेल."
मग मुलाच्या मापानं कर.
"मुलाचा पाय कुठाय?"
तो अगदी सरळ आहे, ती म्हणाली,
आया म्हणतात तसं.
"पाय आण. मुलासकट."

नाझ्झारेनो आला शुक्रवारी, घुश्शात,
मोज्याला भोक, बोटांना गॅरेजचं तेल.
करंगळीशी एक टणक गाठ.
आमच्याकडे हिला कुरूप म्हणतात, मी सांगितलं.
म्हणजे? म्हणजे रूप, पण बिघडलेलं.
सेत्तिमिओ हसला, त्या दिवशी पहिल्यांदा,
आणि बापाचा फर्मा उतरवून
करंगळीच्या जागी कातड्याचा तुकडा चिकटवला,
टाचेकडचं लाकूड किसणीनं उतरवलं.
"कातडं काय, भिजवलं की ऐकतं.
लाकूड चुकलंय, हेच कुणी कबूल करत नाही."
बापाचं नाव त्यानं खोडलं नाही.
त्याच्याखाली, बारीक अक्षरात, दुसरं लिहिलं.

जोडे रात्रभर खिळ्यांनी ताणलेले,
खाली तसराळं, त्यात थेंब.
उजाडता उजाडता कातडं करकरलं म्हणे;
तो झोपलाच नव्हता, त्यानं ऐकलं.

शनिवारी दुपारी नाझ्झारेनोनं पाय घातले.
चावतोय?
जरा.
कुठे?
इथे नाही, जिथे वाटलं होतं तिथे नाही.
सेत्तिमिओनं खांदे उडवले, पैसे मोजले,
दोन नोटा परत केल्या.

मुलगा दगडी पायऱ्या उतरायला लागला.
आर्जा त्याच्या पायांकडे बघत नव्हती.
दाराला पाठ करून, पर्स छातीशी धरून
ती नुसती ऐकत होती,
कोण उतरतंय ते.