चौथं नाव

पुलाशी माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान,
म्हणून पाठीवर पिशव्या लादलेले लोक मलाच विचारतात:
कुतैसीत चांगलं जेवण कुठे मिळेल?

मी तीन नावं सांगतो.
चौकातलं, जिथे मेन्यूत फोटो आहेत.
टेकडीवरचं; नदी दिसते, सूप गार येतं.
स्टेशनजवळचं, खाचापुरीसाठी,
पण रविवारी नको, रविवारी आचाऱ्याचा जावई असतो.

चौथं सांगत नाही.
सात पायऱ्या उतरून तळघर, पाच टेबलं,
मडक्यात रटरटता राजमा, मक्याची भाकरी.
काय हवं, हे त्सियाला विचारत नाही.
आणून ठेवते,
अर्धं उरलं तर तब्येत विचारते.
बावीस वर्षं ही जागा मी
आतल्या खिशात जपली.

काल तिने मडकं आपटलंच.
"दिवसभरात चार माणसं. त्यातला एक तू,
तोही उधारीवाला.
पुलावर बसून गावाला जेवायला धाडतोस म्हणे!
मला कोणासाठी राखून ठेवलंयस?"

घास तोंडातच राहिला.

आज एक जोडपं आलं, नकाशा उलटा धरून.
मी तो सुलटा केला, बोट ठेवलं.
शेवटची पायरी मोडकी आहे, म्हटलं, जपून.

दुपारी गेलो तर
माझ्याच टेबलावर ती दोघं.
त्सियाला म्हणाली,
थांब जरा.