आधीपासून असलेलं

अट एवढीच : चित्रात अक्षर नको,
कुठल्याच लिपीतलं.
झेंडा नको, देऊळ नको,
आणि डावीकडचा तिसरा हिस्सा शांत हवा,
तिथं आयकॉन बसतात.

वडगावात आमच्या मागच्या खोलीत
शेजारच्या मागांचा खडखडाट भिंतीतून टेबलात उतरतो,
माउस आपोआप दोन पिक्सेल सरकतो.

आधी खानापूरची तांबडी माती घेतली.
लांबच्या देशातून कुणीतरी कळवलं :
पांढरी नावं वाचवत नाहीत यावर.
मग निपाणीच्या वखारीतला तंबाखू.
तो पडद्यावर नुसताच मळकट.

एका सकाळी इराप्पाच्या दारात सूत वाळत होतं,
बांबूवर, जांभळं,
खालच्या टोकाला रंग जड होऊन थांबलेला.
फोटो काढू काय, म्हटलं.
"सुताचा कसला फोटो गे? साडी झाल्यावर ये की."
साडी नको होती मला.

बाबांनी जन्मभर पाट्या रंगवल्या.
वर कन्नड, खाली मराठी,
कधी शेजारी शेजारी,
अक्षरांची उंची पट्टीनं मोजून,
कारण अर्ध्या इंचावरून फुटलेली काच
त्यांनी पाहिली होती.
डांबर फासलेल्या पाट्या दुकानदार परत आणायचे.
रॉकेलनं पुसून बाबा तेच पुन्हा लिहायचे,
अर्ध्या मजुरीत.

ते खुर्चीमागं येऊन उभे राहिले.
"काय करालीस? नाव कुठं घालणार यात?"
नाव नाही घालायचं.
"मग कुणाचं हे?"
कुणाचंही. घ्यावं, बदलावं, पुढं द्यावं,
तसं लिहूनच दिलंय.
ते बराच वेळ त्या रिकाम्या हिश्शाकडं बघत राहिले.
"इथला रंग अजून एक हात उतरव."
उतरवला.

संकेश्वरच्या झेरॉक्सच्या दुकानात दिसलं परवा.
पोराला आवडलं म्हणून नव्हे,
बदलायचं कुठून ते त्याला ठाऊक नाही म्हणून.
डाव्या बाजूला आधार, उतारे, कुणाची तरी लग्नपत्रिका,
कन्नड नावं, मराठी नावं,
सगळी वाचता येत होती.

त्यानं माझी फाइल मिटली.
क्षणभर अख्खं सूत, ओलंच.

"पाच रुपये सुटे हायत काय, अक्का?"