मोजणी

यास्ना, माझी भाची, तीन नावं घेऊन आली आहे,
आखीव वही, हिरवी शाई.
नावासमोर शहर, शहरासमोर प्रवासखर्च,
आणि तिच्या मते मुख्य गोष्ट: यंत्र किती सालचं.
मी एकतीस वर्षं जमीन मोजली कोयाइकेच्या पंचक्रोशीत,
यंत्राच्या सालावर माझा फारसा जीव नाही.
नजर कुणाची, ते आधी बघते.

गाठ काढून झाली. डाव्या बाजूची,
अक्रोडाएवढी, म्हणाला सर्जन.
सोललेल्या की सालासकट, मी विचारलं.
तो हसला. मी थट्टा करत नव्हते.
आता रिकाम्या जागेवर किरण सोडायचे,
आणि त्या जागेमागे, बांधाला बांध लागून,
हृदय.
ते किती दूर राहील?
एवढंच मी तिघांना विचारलं.

प्वेर्तो मोंतचे डॉक्टर बाएसा
दारापर्यंत आले, हात हातात घेतला,
"सेन्योरा, ती काळजी आमच्यावर सोडा."
सोडली असती. पण काळजी म्हणजे कुत्रं नव्हे,
दोरी सोडली की शेजारी जाऊन बसायला.

तेमुकोत डॉक्टर श्वेंके. यंत्र कोरं करकरीत.
पडद्यावर एक लाल हृदय त्यांनी गोल फिरवून दाखवलं.
सुंदर होतं. कुणाचं, मी विचारलं.
"नमुन्याचं."
आणि माझं?
"धोका नगण्य," म्हणाले, आणि मनगटाकडे पाहिलं,
जिथे घड्याळ नव्हतं.

सत्त्याऐंशी साली मी एक हद्द चार मीटरनी चुकले होते.
ओढ्याने पात्र बदललेलं, मी जुन्या नकाशावर विसंबले,
आणि नीकानोर उरीबेची सफरचंदाची तीन झाडं
कागदावर शेजाऱ्याची झाली.
आठ दिवसांनी माझ्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणाच्याच नाही.
घोड्यावर बसून परत गेले, सांगितलं.
त्याने आधी आईवरून शिव्या दिल्या, मग माते पाजला,
आणि मरेपर्यंत मोजणीला मलाच बोलावत राहिला.

वाल्दिव्हियाच्या डॉक्टर वेंचुयान
सर्दीने बेजार, टेबलावर अर्धी खाल्लेली पोळी.
प्रश्न ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.
"आज नाही सांगता येणार.
स्कॅनच्या वेळी तुम्हाला श्वास धरायला लावेन.
छाती भरली की हृदय थोडं मागे सरतं.
सगळ्यांचं सारखं नाही. तुमचं सरेल तेवढं मोजते,
मग मिलिमीटरमध्ये सांगते.
कमी भरलं तर तेही सांगते."
माझ्याच रिपोर्टच्या पाठीवर फासळ्या काढल्या,
वाकड्यातिकड्या, तिसरीत शिकणाऱ्या पोराच्या हाताच्या,
आणि हद्दीची रेघ तुटक.
न मोजलेली रेघ तुटकच काढायची असते.
हे त्यांना कुणी शिकवलं असेल?

परतीच्या बसमध्ये यास्ना धुमसत होती.
यंत्र नऊ वर्षांचं! आणि पाच आठवडे राहणार कुठे?
वाल्दिव्हियात माझी वहिनी राहते, ओर्तेन्सिया.
आईच्या शिलाई मशीनवरून
आम्ही अकरा वर्षं बोललेलो नाही.
फोन लावला.
सोफा आखूड आहे, ती म्हणाली.
बराच वेळ नुसता तिच्या चुलीचा आवाज.
मग म्हणाली, ये. पाय दुमडून झोप.

सोमवारी छातीवर तीन ठिपके गोंदले,
तिळाएवढे, पुसले न जाणारे.
मी माळावर खुंट्या ठोकायचे तसे,
फक्त इथे खुंटी मारणारी मुलगी
प्रत्येक टोचणीआधी "माफ करा" म्हणत होती,
जे मी जमिनीला कधी म्हटलं नाही.
श्वास भरला. धरला.
छताच्या एका फरशीला चीर गेलेली होती, ती मोजत राहिले.

गुरुवारी त्यांचा फोन आला, आवाज अजून बसलेला.
"अकरा मिलिमीटर," त्या म्हणाल्या.
मला चौदाची आशा होती.
वहीत अकरा लिहिलं.